मापाचं पोलकं

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमच्या घरात दोनच जमाती कामात असतात, मुंग्या आणि मी. आम्हा दोघींनाही हलवा लागतो. मी तो दोऱ्यात ओवून बाळांचे दागिने करते आणि त्या तो ओढून भिंतीत नेतात. तिसरे श्यामकांत, म्हणजे आमचे हे. ते येता-जाता चिमूटभर तोंडात टाकतात. ओरडलं तर म्हणतात, "चव बघतोय. गिऱ्हाईक बोलत नाही अजून, कुणीतरी बघायला नको?"

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी सोसायटी. आमचं घर तळमजल्यावर. दारावर पाटी नाही, पण खिडकीच्या गजाला कायम एखादी पताकांची माळ वाळत असते, ती बघून लोक बरोबर येतात. बारशाची कुंची, झबली, दुपटी, गोधड्या, वाढदिवसाच्या कापडी पताका आणि जानेवारीत बोरन्हाणाचे काळे कपडे, एवढं मी करते. पाच वर्षांच्या आतल्या माणसांचंच शिवते. त्यापुढची माणसं आरशात बघतात.

क्लास वगैरे मी केला नाही. आईचे जुने ब्लाउज उसवून शिकले. कसं जोडलंय ते कळायला आधी उकलावं लागतं, एवढं एकच शास्त्र मला येतं. बाकी सगळं हाताला आपोआप येत गेलं, आणि हाताला जे आपोआप येतं त्यात कधीकधी घोटाळा असतो.

आम्ही शिवडीला चाळीत चार बहिणी. वडील गिरणीत. दिवाळीला फ्रॉक यायचा तो वाढत्या अंगाचा. म्हणजे पहिल्या दिवाळीला तो गुडघ्याखाली लोंबायचा, दुसरीला बरा दिसायचा आणि तिसरीला आई खालची दुमड सोडायची. जिथे दुमड होती तिथलं कापड उन्हापासून वाचलेलं असायचं, गडद. माझ्या शाळेच्या फोटोत फ्रॉकच्या घेराला रेघा दिसतात. झाडाचं वय सांगतात तसं त्या मोजून फ्रॉकचं वय सांगता येईल. नेमक्या मापाचा कपडा आमच्याकडे फक्त वरातीच्या घोड्यावरच्या नवरदेवालाच असायचा, आणि तोही बहुतेक भाड्याचा.

तर डिसेंबरच्या शेवटी बी विंगमधली श्वेता आली, कडेवर जान्हवीला घेऊन. जान्हवी तिची पहिली मुलगी. सातव्या महिन्यात झाली, एक किलो दोनशे ग्रॅम. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. श्वेता रोज दोनदा हॉस्पिटलला जायची आणि पेटीवर हात ठेवून परत यायची. आता मुलगी ठणठणीत, सगळ्या तपासण्या नीट. पण जानेवारीत अकरा महिने पूर्ण होणार, आणि वजन पावणेसात किलो. डोळे तेवढे मोठे, सगळीकडे लक्ष. आल्याआल्या तिने माझ्या गळ्यातली टेप धरली.

"काकू, बोरन्हाणाचं परकर-पोलकं हवंय," श्वेता म्हणाली. "दागिने पण. पताका पण. आणि एक सांगायचंय."

"सांग ना."

"मापात शिवा. एकदम मापात."

"मग काय गं, मी अंदाजे शिवते की काय?"

तिने मोबाइल काढला. "हा बारशाचा फोटो. फ्रॉक दिसतोय ना? आता जान्हवी शोधा."

"ही काय, आहे की मध्ये."

"शोधावी लागली ना पण? हा गणपतीतला. बाह्या चार वेळा दुमडल्यात. हा दिवाळीचा, मागे सहा पिना आहेत. आमच्या सासूबाई खांदा वर ओढतायत, त्यांचा हात आलाय बघा फोटोत." तिने पुढचा फोटो दाखवला नाही, मोबाइल ठेवून दिला. "सगळे येणार आहेत काकू. केतनच्या दोन्ही आत्या, कल्याणचे लोक. आल्यावर पहिलं वाक्य तेच. किती बारीक आहे हो. कपड्यात हरवली. मला एक दिवस ते नको आहे. बस."

तिची सासू, सुनंदाताई, मनाने वाईट मुळीच नाहीत. पण त्याही रोज कुणाला ना कुणाला सांगत असायच्या, "अंग धरील हो, आमचा केतन असाच होता." केतन आता दारातून आडवा होऊन आत येतो, त्यामुळे ते वाक्य खरंच असणार. पण दहा महिने रोज ऐकायचं म्हणजे आईच्या जिवाला काय होत असेल.

मी जान्हवीला मांडीवर घेऊन मापं घेतली. छाती सोळा, खांदा, बाही, कमरेपासून घोटा. वहीत नीट लिहिली. श्वेताने वाकून वही बघितली आणि समाधानाने गेली.

मग मी कापायला बसले. वहीत सोळा होतं आणि मी एकोणीस कापलं.

यात लबाडी काही नव्हती. पोलक्याला श्वास घ्यायला दीडेक इंच लागतोच, हे कुणीही सांगेल. उरलेला दीड माझ्या हाताने घातला. परकर घोट्यापर्यंत सांगितला होता तो टाचेखाली गेला. शिवाय शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड ठेवलं, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून. हे सगळं मी रेडिओ ऐकत केलं. डोक्याने विचारच केला नाही. 'मापात' हा शब्द मी ऐकला होता आणि मान्यही केला होता, पण माझ्या हाताच्या भाषेत मापात म्हणजे पुढच्या वर्षीच्या मापात.

पोलकं दिसायला सुंदर झालं होतं, तेही सांगते. काळं मऊ मलमल, त्यावर पांढरे बारीक ठिपके, गळ्याला आणि परकराच्या काठाला हलव्याची ओळ. मी हलवा चिकटवत नाही. बाळं दागिन्यांसकट बाळं असतात, सगळं तोंडात जातं. प्रत्येक दाणा बारीक जाळीच्या पट्टीत घालून ती पट्टी टाचते, आणि दागिन्यांचे दाणे दोऱ्यात ओवते. पताकांवर छोटे पतंग शिवले. मुकुटाला पांढरं लेसचं फूल.

ट्रायल मी घेत नाही. बाळं रडतात, आया घाबरतात आणि वेळ जातो. ही माझी फुशारकी होती, हे आता कळतं.

बोरन्हाण रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये. श्वेता सकाळी दहाला सामान न्यायला आली आणि म्हणाली, "एकदा घालून बघू?"

घातलं. पोलक्याचा गळा एका खांद्यावरून घसरला. श्वेताने तो वर केला, तर दुसऱ्या खांद्यावरून घसरला. बाहीतून हाताची फक्त बोटं दिसत होती. परकर पायांच्या पुढे जमिनीवर पसरला आणि जान्हवीने उभं राहायला म्हणून त्यावरच पाय दिला, ती बसली. रडली नाही. त्या काळ्या ढिगातून तिने आमच्याकडे बघितलं, एवढंच.

श्वेताने घसरलेला गळा परत वर केला. मग म्हणाली, "चालेल काकू. पिना लावते."

आणि तिने पर्समधून डबी काढली. काजळाची रिकामी डबी, सेफ्टी पिनांनी भरलेली. ती तिच्याकडे कायम असणार, चावीसारखी.

"अगं, हे मुद्दाम आहे," मी म्हणाले. माणूस चूक झाल्यावर पहिल्यांदा असंच काहीतरी बरळतं. "वाढत्या अंगाचं आहे. पुढच्या संक्रांतीला पण..."

"पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण नाहीये काकू. आज आहे."

श्यामकांत आतून बाहेर येत होते ते दारातच थांबले.

"तुमची चूक नाही," श्वेता जान्हवीच्या बाहीला पिन लावत म्हणाली. आवाज अगदी साधा होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळे तिला पुढचंच आणतात. प्रेमानेच आणतात. पण त्यामुळे असं वाटतं ना, की ही अजून व्हायची आहे. ती झालीय काकू. एवढीशी आहे, पण झालीय ना."

मी तिच्या हातातली पिन काढून घेतली.

"काढ ते. चार वाजता ये न्यायला. हिला इथेच ठेव, मला मापाला लागेल. हिचं खाणं?"

"अकराला मऊ भात. पण काकू, हलवा टाचलाय सगळा, होईल का एवढ्यात?"

"ते माझं मी बघते. तू जा, बोरं धू."

ती गेल्यावर श्यामकांत म्हणाले, "वाट लागली."

"बसा इथे. हलव्याची पट्टी उकला. एक दाणा जरी खाल्लात तर बघा."

"आणि पडला खाली तर?"

"तर जान्हवी बघेल."

जान्हवीला गोधडीवर बसवलं. गोधडीचं एक बरं असतं, तिला माप नसतं, कुणालाही होते. टेप तिच्या हातात दिली. ती टेपचं टोक चघळत श्यामकांतांच्या हाताकडे बघत बसली, एखाद्या मुकादमासारखी. ते एक दाणा सोडवायचे, वाटीत टाकायचे, ती 'हं' म्हणायची. मग पुढचा. अर्ध्या तासात दोघांची लय बसली.

मी पोलकं सगळं उसवलं, फक्त गळा सोडून. मग तिच्या अंगावर उलटं धरून खडूने खुणा केल्या. वहीत बघितलंच नाही. वहीवर माझा आता विश्वास नव्हता, म्हणजे वहीवर होता, वहीपासून कात्रीपर्यंतच्या रस्त्यावर नव्हता. खुणेवर कच्ची टीप घातली, सुलटं केलं, घातलं. बाहेरून माप बरोबर आलं होतं, पण दोन्ही बाजूंचं जास्तीचं कापड आत गोळा झालेलं. काखेत उशी ठेवल्यासारखे तिचे हात दोन बाजूंना उभे राहिले. पेंग्विन दिसत होती.

"आतलं कापावं लागेल," मी म्हणाले.

"मग काप."

"अहो, कापलं की संपलं. मग उसवून मोठं करता येणार नाही."

"कुणाला करायचंय मोठं?"

मी कात्री घेऊन तशीच बसले. हसू नका, पण माझा हात खरंच चालेना. शिवणीतलं कापड मी आयुष्यात कापून टाकलेलं नाही. आई उसवलेला दोरासुद्धा गुंडाळून ठेवायची. पुढे लागेल म्हणून आत थोडं राखून ठेवायचं, हा आमच्या घरातला शहाणपणा. सगळं वापरून मोकळं व्हायचं, हे श्रीमंतांचं किंवा बेअकली माणसांचं काम.

जान्हवीने टेप टाकली आणि आपला उभा राहिलेला हात स्वतःच दुसऱ्या हाताने खाली दाबून बघितला. तो परत वर आला. तिने परत दाबला.

मी कापलं. पाव इंच ठेवून सरळ सगळं. दोन्ही बाजू, बाह्या, काखा. परकराची खालची दुमडही काढली, नुसती बारीक पट्टी मारली. काळ्या चिंध्यांचा एवढासा ढीग झाला. तो बघितला नाही, कचऱ्यात टाकला आणि वर केळ्याची साल टाकली, म्हणजे मलाच परत काढायचा मोह नको.

अकराला तिला भात भरवला. साडेबाराला ती गोधडीवर झोपली, आणि झोपलेल्या अंगावर मला खांद्याचं माप पहिल्यांदा नीट घेता आलं. जागी असताना ती सगळ्यांसारखीच खांदे उचलून असते. मग पोलक्याचे खांदे आत घेतले आणि हलव्याची पट्टी परत टाचली. मग दागिने. बांगडीला मी नेहमी सतरा दाणे घेते. तिच्या मनगटाला अकरा लागले. बाजूबंदाला तेरा. मुकुटाचा पुठ्ठा दोन्हीकडून कापला. सतराची बांगडी आणि अकराची बांगडी शेजारी ठेवून श्यामकांत कितीतरी वेळ बघत होते. त्यांनी उरलेले सहा दाणे वाटीत परत टाकले. खाल्ले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण परत घडायचं नाही.

शेवटचं टिचबटण चारला दहा कमी असताना लावलं. श्वेता आली तेव्हा मी तिला म्हणाले, "तूच घाल."

तिने घातलं. गळा जिथे बसायला हवा तिथे बसला. मागची तीन टिचबटणं टक, टक, टक लागली. बाही मनगटाच्या वर थांबली आणि खाली अकरा दाण्यांची बांगडी. परकर घोट्याला टेकून थांबला, पाय दिसले. श्वेताने खांद्याला बोट लावून बघितलं, सरकतंय का. नाही सरकलं. ती पर्सकडे वळली, आणि मग आपण काय घ्यायला वळलो ते विसरल्यासारखी उभी राहिली.

"अगं, आता माझ्या गळ्यात पडू नकोस, अंगावर दोरे आहेत," मी म्हणाले. ती पडलीच.

हॉलमध्ये पताका लागल्या होत्या. पाटावर जान्हवी, समोर सोसायटीतली पंधरा-वीस मुलं दबा धरून. कल्याणचे लोक आले, आत्या आल्या. मोठ्या आत्यांनी वाकून तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आता येणार ते वाक्य म्हणून मी श्वेताकडे बघितलं. ती औक्षणाचं तबक धरून उभी होती, वाती नुसत्या नीट करत होती.

"काय गं, नाक कुणाचं हे?" आत्या म्हणाल्या. "केतनचं नाही. केतनचं बटाट्यासारखं आहे."

"माझ्या आईचं," श्वेता म्हणाली.

"तरी म्हटलं, आमच्याकडे एवढं सरळ कुणाचं नाही."

मग नाकावर चर्चा सुरू झाली. डोळ्यांवर झाली. ती हाताने हलवा कशी बरोबर चिमटीत धरते यावर झाली. सगळे तिच्याबद्दल बोलत होते. सुनंदाताई औक्षणाला पुढे आल्या, कुंकू लावलं आणि सवयीने त्यांचा हात जान्हवीच्या खांद्याकडे गेला, पोलकं वर ओढायला. खांद्यावर ओढायला काही नव्हतं. हात तिथेच जरा वेळ थांबला. मग त्यांनी तोच हात तिच्या गालावरून फिरवला.

केतनने डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतल्या आणि मुलांची धाड पडली. धक्काबुक्कीत मुकुट वाकडा झाला. जान्हवीने तेवढ्यात उजव्या हाताची बांगडी चोखायला घेतली होती. फोटोत ती तशीच आहे, तोंडात बांगडी आणि मांडीवर एक बोर. फोटो मी बघितला. शोधावं लागत नाही.

"चांगलं बसलंय," सुनंदाताई निघताना मला म्हणाल्या. "फक्त वनमालाताई, आत काही ठेवलेलं दिसत नाही तुम्ही. पुढे लहान होईल."

"होईल," मी म्हणाले. मनातून मला ते लागलंच. त्यांचं बरोबर होतं. माझीही आई हेच म्हणाली असती. एका संध्याकाळसाठी एवढं चांगलं मलमल मी वाया घालवलं, हे मला पुढचे आठ दिवस मधूनमधून आठवत राहिलं. हिशेबाला ते पोलकं चूकच होतं.

मग फेब्रुवारीत जान्हवीचा वाढदिवस झाला, त्याला मी एक गोधडी दिली. मार्चमध्ये पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी कुणाच्या तरी बारशाच्या कुंचीला फीत लावत होते, तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, तीनदा.

दारात श्वेता, केस तसेच बांधलेले, पायात वेगवेगळ्या चपला. कडेवर जान्हवी, अंगात काळं पोलकं, खाली नुसता लंगोट.

"काकू, बघा ना. नणंदेला व्हिडिओवर दाखवायचं म्हणून घालत होते. मागे काहीतरी झालंय."

तिने जान्हवीला वळवलं. मागची बाजू उघडी होती. वरचं टिचबटण कसंबसं लागलेलं, खालच्या दोन्ही बटणांपाशी काठांमध्ये चांगलं दोन बोटं अंतर. त्या फटीतून जान्हवीची पाठ दिसत होती, गोरीपान, मधे बारीक खळी.

"आटलं का धुतल्यावर?" श्वेताने विचारलं.

"मलमल मी आधी भिजवून घेते. आटत नाही."

"मग?"

मी सवयीने शिवणीत बोट घातलं. "थांब, जरा सोडून..." म्हणाले आणि थांबले. सोडायला आत काही नव्हतं. पाव इंच होतं, ते सोडलं असतं तर पोलकंच सुटलं असतं. "नाही होणार गं मोठं. सगळं कापून टाकलंय मी. दुसरं शिवावं लागेल."

श्वेता माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू येत होतं ते मी ओळखायला वेळ लावला, कारण एखादा कपडा वाया गेल्यावर असा चेहरा करणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं.

"म्हणजे तिला लहान झालं," ती म्हणाली.

"हो."

"काकू, तिला आजपर्यंत काहीच लहान झालेलं नाही. बारशाचा फ्रॉक अजून होतो. सगळं अजून मोठंच आहे, कपाट भरलंय. हे पहिलंच."

श्यामकांत आतून आले. त्यांनी पोलक्याकडे बघितलं, उघड्या पाठीकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. श्वेता बसली, जान्हवीला मांडीवर पालथं घेतलं. जान्हवीला हा खेळ वाटला, ती पाय झाडायला लागली.

"तुम्ही एकदा लावून बघा ना," श्वेता म्हणाली. "तुमच्या हाताने. माझं चुकत असेल."

मी दोन्ही काठ धरले आणि ओढले. चांगलं ओढलं. श्वास घेऊ दिला, सोडू दिला, मधे एक बोट राहिलंच.

"नाही लागत," मी म्हणाले.

"खालचं?"

खालचं ओढलं. तेही नाही.

श्वेता खुर्चीत पुढे सरकून बसली. "परत," ती म्हणाली.